व्ही म्हणजे पाच

गाडीखाली आडवा होऊन इंजिनाचं तेलाचं चेंबर उतरवलं, तेव्हा तळाच्या तेलात तांब्याचा चुरा चमकत होता. बेअरिंगची वरची चकाकी केव्हाच गेली होती, आतलं तांबं उघडं पडलं होतं.

"गेली ना?" काकांनी वरून विचारलं.

"गेली जी."

काका म्हणजे उस्मानपुऱ्यातले रिटायर्ड इंजिनियर. रस्त्यांचे, गाड्यांचे नाही. त्यांच्या पोर्चमधली ती जुनी विलायती स्पोर्ट्स कार, कापडी टपाची, दोनच माणसांची. गरम झाली की ऑइलचा काटा खाली बसायचा आणि पोटातून ठकठक यायची. दोन गॅरेजवाल्यांनी हात लावायला नकार दिला होता. मी आठवीत शाळा सोडलेला, गडचिरोलीकडून आलेला, माझ्याजवळ ना सर्टिफिकेट ना इथं कोणी ओळखीचं. तरी काकांनी गाडीही माझ्या हाती दिली आणि राहायला मागची खोलीही. उपकार मोठा होता, म्हणून धाकही मोठा. काकू जेवायला वाढायच्या तेव्हाही माझ्या डोक्यात एकच चालायचं, या घरचं आपल्या हातून काही मोडू नये.

त्या इंजिनात क्रँकला, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य आसाला, खालून धरून ठेवणाऱ्या सात कॅप. तीन मेनच्या, म्हणजे क्रँकला इंजिनात बसवणाऱ्या, आणि चार पिस्टनच्या दांड्यांच्या. कॅप म्हणजे लोखंडाची अर्धी कडी. तिचा दांडा आणि ती एकत्रच कातलेली असतात, म्हणून एकीची जागा दुसरीला चालत नाही. आणि त्या गाडीची एक कॅप बिघडली, तर दुसरी आणायची कुठून? नुसती नवी बेअरिंग मिळवायलाच काकांना चार महिने लागले होते.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर प्रत्येक दांड्याच्या कॅपला मी पिवळ्या रंगाचा नंबर टाकला होता. मग डिझेलच्या घमेल्यात धुतल्या, आणि दोघींचा रंग डिझेलनं खाल्ला.

घाबरलो, पण थोडाच. कारण त्यांच्यावर जुन्या कोण्या उस्तादानं छिन्नीनं मारलेल्या खुणा होत्या. सातही कॅपना त्यानं ओळीनं नंबर दिले असावेत, आधी मेन, मग दांडे. या दोघींपैकी एकीवर ठिपक्यांचा गोल, दुसरीवर स्पष्ट V. शाळेतल्या भिंतीवरच्या घड्याळात V म्हणजे पाच. तीन मेन सोडले की पाचवी म्हणजे दुसऱ्या दांड्याची. उरलेली गोलवाली शेवटच्या दांड्याची. हिशेब सरळ होता. बसवल्या.

मेन घट्ट केले, क्रँक हातानं फिरला. पहिला दांडा आवळला, फिरला. दुसरा आवळला आणि क्रँक जागीच अडला. बोल्ट ढिला केला की फिरे, आवळला की अडे. चौथ्याचंही तेच. काका खुर्चीत पेपर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हतं.

"काय झालं रे?"

"काही नाही जी. जरा टाइट आहे."

नवं बेअरिंग जाड आलं असेल, असं मी मनाला सांगितलं. कॅप आतून केसभर कातून घेतली की झालं. दोन्ही कॅप फडक्यात गुंडाळल्या, "चहा पिऊन येतो" म्हणालो आणि लेथवर लोखंड कातणाऱ्या उस्तादाकडे गेलो. खोटं बोललो, हे रस्ताभर टोचत होतं. पण माघारी फिरलो नाही.

उस्तादानं ऐकून घेतलं. एक कॅप लेथवर धरली, नेम लावला, मग थांबून चष्मा पुसला.

"ये कौनसे नंबर की है?"

"पाच."

"पाँच?" त्यानं दुसरी उचलली. "फिर ये कौनसी?"

"शेवटची. सात."

तो शेजारच्या वेल्डिंगवाल्याला ओरडला, "अरे सुनो! ये मियाँ घड़ी देख के इंजन बांधरे!" मग माझ्याकडे वळला. "उर्दू का सात है ये. और ये गोल, ये पाँच. तू सात को पाँच के घर में बिठाया, पाँच को सात के घर में. टाइट नहीं होता तो क्या होता?"

लेथ एक फेरा फिरला असता तर ती कॅप आणि तिचा दांडा दोन्ही भंगारात गेले असते.

"काटने का नक्को," त्यानं दोन्ही कॅप फडक्यात परत बांधल्या. "पहले अपने-अपने घर में बिठा."

परत आलो तर काका गाडीजवळ उभे. दोन कॅप जागेवर नाहीत, हे त्यांनी खाली वाकून पाहिलं होतं.

"चहा लई लांबचा होता व्हय?"

मी सगळं सांगितलं. व्ही, घड्याळ, लेथ.

"कापलं का?" काकांनी विचारलं.

"नाही जी. एक फेराही नाही."

ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "ती खूण मी बी पाह्यली होती. कंपनीचा शिक्का वाटला मला. पण असं न सांगता नेऊ नको परत. नाय कळलं तर नाय कळलं म्हण. इथं तुला कोण खाणार हाय?"

बेअरिंग परत काढून उजेडात धरली. एकावर बारीक रेघ होती, पण नखाला लागत नव्हती, म्हणजे वरवरचीच. काकांनीही नख फिरवून पाहिलं. कॅप अदलून बसवल्या, ठरल्या जोरालाच आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळल्या. क्रँक एका हातानं फिरला.

दुसऱ्या दिवशी तेल भरून स्टार्टर मारला. इंजिन लागलं. काटा शून्यावर. काकांचा हात किल्लीवरच. मी श्वास धरून मोजू लागलो, एक, दोन, तीन. चारला काटा हलला आणि हळूहळू वर चढत गेला.

"गरम होऊ दे," काका म्हणाले. "मग खरं."

अर्धा तास आम्ही दोघंही काट्यावरून नजर न हलवता बसलो. तो खाली आला नाही. शेजारच्यांनी गेटवरून विचारलं, कोणी केलं काम? काकांनी माझ्याकडे बोट केलं. मी सांगायला तोंड उघडलं की कालच मी ही गाडी बुडवणार होतो. पण काकांनी मानेनंच नको म्हटलं.