हनुवटीवरचे तीन ठिपके

"मला तोंड बघायला ठेवलंय, तोंड उघडायला न्हाई," असं बायनाबाई एकदा म्हणाली होती, आणि गेवराईच्या कचेरीत ते वाक्य तिच्या नावाला चिकटून बसलं होतं. सटवा शिपाई येता-जाता डिवचायचा, "काय आक्का, आज किती तोंडं बघितली?" ती म्हणायची, "तुझं सोडून समदी बरी व्हती."

काम होतंच तसं. सन तेराशे अठ्ठावीस फसलीतली, म्हणजे इसवी एकोणीसशे एकोणीसच्या सुमाराची, निजाम सरकारची ती तालुका कचेरी. तहसीलदार साहेब जिथं मुकदमे ऐकत त्या इजलासाच्या दालनात बाईनं पाऊल टाकायचं नाही. अंगणापलीकडे जनान्याची खोली. तिथं पुरुषानं जायचं नाही, मग तो शिपाई असो की खुद्द साहेब. बाईचं म्हणणं तिच्या घरच्या पुरुषानं पडद्याबाहेर उभं राहून ऐकायचं आणि पेशकारांना, म्हणजे साहेबांच्या कारकुनांना, सांगायचं. पेशकारांनी दहा पावलं लांब थांबायचं. आत बसलेली बाई खरोखर तीच आहे का, एवढं मात्र कुणीतरी बघायला हवं. ते बायनाबाई बघायची. गावच्या पाटलानं लिहून दिलेला हुलिया, म्हणजे अंगावरच्या खुणा, पेशकार राधाकिशन वाचून दाखवायचे. ती आत जायची, पदर वर करायला लावायची, आणि बाहेर येऊन म्हणायची, तीच हाय. किंवा, ती न्हाई. त्याउपर आतलं अक्षर बाहेर आणलं तर नोकरी गेली. तिच्या आधीच्या बाईनं कुणाचे तरी निरोप पोचवले होते, तेव्हापासूनचा हा नियम.

नवरा याच कचेरीत पियादा, म्हणजे शिपाई होता. तो तापात गेला आणि तिला ही जागा मिळाली. त्याचीच चपरास, म्हणजे पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, तिनं खांद्यावरून घालायची. पट्टा तिच्या मापाचा नव्हता. अकरा वर्षं तो घसरतच राहिला.

खोलीला एकच दार. खिडकी नाही. छताजवळ हाताएवढा झरोका, त्यातून आलेला उन्हाचा तुकडा सकाळी भिंतीवरून उतरायचा आणि जमिनीला टेकायच्या आत विझायचा. बसलेल्या बायकांच्या डोक्यांच्या उंचीवर भिंतीला तेलाचा काळा पट्टा पडला होता. बायनाबाई त्यावर चुना मारायची. महिन्याभरात तो परत वर यायचा.

त्या पट्ट्यात नीलाबाईचंही डोकं होतं. दुकानदाराची विधवा, दुकान लिहून द्यायला आणलेली. तिच्याबद्दल बायनाबाई "तीच हाय" म्हणाली होती, कारण ती तीच होती. मनगटावरचे बोटांचे वळ हुलियात लिहिलेले नव्हते. पुढं दोन वर्षांनी गोदेच्या उतारावर नीलाबाई दिसली, लोकांनी टाकलेल्या पत्रावळी उलटून बघताना. तिनं बायनाबाईला ओळखलं. सवयीनं पदर वर केला आणि हनुवटी पुढं केली.

चैत्रातल्या एका सकाळी नदीकाठच्या एका गावाहून सुग्रीव नावाचा बागायतदार आला. बरोबर आई छबुबाई, आणि मेलेल्या भावाची बायको केशरबाई. केशरबाईच्या वाट्याची विहिरीची जमीन ती राजीखुशीनं दिराला देते, असा कागद होता. आधी ओळख पटायची, मग कागद आत जायचा आणि अंगठा उमटायचा. मग ती जमीन गेली, आणि जमिनीबरोबर बाईला त्या घरात असलेली किंमतही.

सुग्रीव पडद्याशी वाकला. "केशरवैनी, राजी हाईत न्हवं?"

"न्हाई," आतून आलं. आवाज लहान होता, पण स्पष्ट होता.

सुग्रीव दहा पावलं चालत राधाकिशनांकडे गेला. "राजी हाईत म्हणत्यात."

राधाकिशनांनी कागदावरची नजर वर केली नाही. हुलिया वाचला. "हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. डाव्या भुवईत जुन्या जखमेची खूण. जा, बघ."

बायनाबाई आत गेली. छबुबाईनं सुनेचं मनगट मांडीखाली दाबून धरलं होतं. पुरुषाला या खोलीत मनाई होती. बाईनं बाईचा हात धरायला मनाई नव्हती.

"कावून रडू लागलीस गं?" छबुबाई म्हणत होती. "एक अंगठा तर हाय. का बोट तोडून मागायलोत?"

बायनाबाईनं पदर वर करायला लावला. भुवईत खूण होती. हनुवटीवर तीन ठिपके, हिरवे पडलेले, मधला जरा मोठा.

"आक्का," केशरबाई म्हणाली, "दिंद्रुडला माझा भाऊ हाय, म्हाळू. तेला येकदा कळवा. बाकी काय मागत न्हाई."

"मला निरोप न्यायचा हुकूम न्हाई, बाई."

"मंग तुमी हितं कशाला बसलाव?"

छबुबाई हसली. "ऐकलंस? सरकारी मानूस हाय ती. तुझी मावशी न्हाई."

बायनाबाई दाराकडे वळली. पडदा उचलायला पाच पावलं होती, आणि त्या पाच पावलांत तिला कचेरीचा आणखी एक नियम आठवला. अकरा वर्षांत तो दोनदाच वापरला गेला होता. जिची ओळख पटत नाही तिला सासरच्यांच्या ताब्यात द्यायचं नाही. पियाद्याबरोबर ती सांगेल त्या माहेरच्या पाटलाकडे पाठवायचं, आणि तिथं माहेरच्यांसमोर तिचा जबाब घ्यायचा. निरोप नेता येत नव्हता. पण बाईच नेता येत होती.

बाहेर ऊन डोळ्यावर आलं. पट्टा खांद्यावरून घसरला, तो तिनं वर ओढला.

"ती न्हाई," ती म्हणाली.

सुग्रीव आधी हसला. मग त्याला कळलं. "ए बाई, डोळे फुटले का तुझे?"

"ठिपके दोन हाईत," बायनाबाई राधाकिशनांना म्हणाली.

सुग्रीव पडद्याकडे धावला. सटव्यानं काठी आडवी धरली. "मालक, जनाना हाय. मर्दानं जायचं न्हाई."

"सरक बे! माझी आई हाय आत!"

"मंग हिथूनच हाका मारा आईला."

आतून छबुबाई ओरडत होती, "तीन हाईत की गं, मोज की मेले!" पण जनान्यातला आवाज घरच्या पुरुषानं सांगितल्याशिवाय कचेरीला ऐकू येत नव्हता, आणि खोटी बाई आणल्याचा संशय आता त्या पुरुषावरच होता. राधाकिशन म्हणाले, "बायनाबाई, फिरून बघ. नीट बघ." ती फिरून आत गेली. केशरबाईचं मनगट सुटलं होतं. ते तिनं दुसऱ्या हातात धरलं होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. बायनाबाईनं एक-दोन-तीन मोजले, आणि बाहेर येऊन म्हणाली, "दोन."

दुपारी केशरबाईला गाडीत बसवून सटवा दिंद्रुडच्या वाटेला लागला.

पुढचे आठ दिवस बायनाबाईनं रोज खोली उघडली, झाडली, बंद केली. पळून जायला तिला गाव नव्हतं. दिंद्रुडचा पाटील ठिपके मोजणार, तीन लिहिणार, आणि तो कागद याच अंगणात येणार, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भिंतीला टेकून बसायची सवय तिला नव्हती. त्या आठवड्यात लागली.

नवव्या दिवशी सटवा आला. या वेळी त्यानं डिवचलं नाही. "आक्का, तीनच लिहिलेत," तो हळूच म्हणाला. "भावाच्या म्होरं जबाब दिला तिनं. राजी न्हाई म्हणली. तिथंच ऱ्हायली."

साहेबांनी बोलावलं. ती नेहमीसारखी इजलासाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत सुग्रीवही होता, अदबीनं हात बांधून. साहेब उर्दूत थोडकंच बोलले. राधाकिशन उंबऱ्यापाशी आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "साहेब विचारतायत, नजर मंद झालीय का? हो म्हण, बाई. वयानं होतं. जागा जाईल, पण दुसरं काही होणार नाही. खोटं बोललीस असं निघालं, तर तुरुंग आहे."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आजवर तिनं बघितलं होतं. आज हुलिया तिचा निघत होता. हो म्हटलं की सुटका होती. पण नजर मंद होती म्हटलं, की अकरा वर्षं तिला काहीच नीट दिसलं नव्हतं असं होणार होतं. नीलाबाईचं मनगटही नाही. आणि ते तर तिला लख्ख दिसलं होतं.

तिनं खांद्यावरून पट्टा काढला. या वेळी तो घसरला नाही, बिल्ल्याचा काठ पदरात अडकला; तो तिनं सावकाश सोडवला. मग तिनं उंबरा ओलांडला.

इजलासात आलेल्या बाईला काय म्हणायचं, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. सुग्रीव आपसूक बाजूला सरला. तिनं चपरास साहेबांच्या मेजावर ठेवली, तिच्याशेजारी खोलीची किल्ली. साहेबांनी किल्लीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बायनाबाई," राधाकिशन म्हणाले, "काहीतरी बोल."

ती वळली. बायकांची वाट मागच्या बोळातून होती. ती समोरच्या दारानं गेली, जिथून पुरुष येत-जात. सटव्यानं दारातली काठी उचलून बाजूला घेतली, आणि ती पायऱ्या उतरून उन्हात निघून गेली.