सहीखालची तारीख

चंपा ओव्हाळ घाबरट आहे, हे बिबवेवाडीतल्या ओढ्याकाठच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं. कुकरची शिट्टी जोरात झाली तरी ती दचकायची. गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायची. तिचा नवरा धम्मदीप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. ‘‘स्फोटकांशेजारी बसून रोज डबा खातो मी, आणि घाबरतेस तू!’’ असं तो म्हणायचा आणि वर तिच्याच हातचा चहा मागायचा.

अठरा वर्षं ती अंगणवाडीत सेविका होती. आहाराची नोंद, वजनाची नोंद, लसीची नोंद, आणि प्रत्येक नोंदीखाली सही आणि तारीख. पहिल्याच महिन्यात एकदा तारीख राहिली, तेव्हा पर्यवेक्षिकाबाईंनी चारचौघांत तिला असं काही झाडलं की त्यानंतर तारखेशिवाय सही तिच्या हातून झालीच नाही. लेकीचं प्रगतिपुस्तक असो की कुरिअरची पावती, सही झाली की पेन आपोआप खाली सरकायचं. चैताली हसायची, ‘‘मम्मी, तिथे डेटचा कॉलमपण नाहीये!’’

आता अशी बाई निवडणुकीला उभी कशी राहिली? तर त्या ओढ्यामुळे. पाच वर्षांपूर्वी भर दुपारी ओढ्याची भिंत फुटली आणि पाणी अंगणवाडीत शिरलं. चंपाने सहा पोरांना टेबलावर उभं केलं आणि ते टेबल दोन्ही हातांनी धरून ती कमरेइतक्या पाण्यात तासभर उभी राहिली. पोरं वाचली. भिंत मात्र पुन्हा उभी राहिली नाही. विषय मुख्य सभेपुढे यायचा आणि सभा तहकूब व्हायची. कुणाच्या ना कुणाच्या निधनाचा शोकप्रस्ताव असायचाच. मोठ्या शहरात माणसांना तोटा नसतो. दर पावसाळ्यात पोरांना घेऊन ती टेबलाकडे बघत बसायची. शेवटी वस्तीनेच तिला ढकलून उभं केलं. ती निवडून आली, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पण खरी धडकी भरली ती पुढे. महापौरपदाची सोडत निघाली, अनुसूचित जातीच्या महिलेसाठी. युतीच्या वाटणीत ते पद चंपाच्या पक्षाकडे, म्हणजे शहराध्यक्ष आप्पासाहेबांच्या पक्षाकडे आलं, आणि पक्षाच्या अकरा नगरसेवकांत त्या प्रवर्गातली बाई एकच होती.

अर्ज भरायच्या दिवशी साडेतीनला आप्पासाहेबांनी तिला मार्केट यार्डात बोलावलं. कांद्याच्या गाळ्यावरच्या मजल्यावर त्यांचं कार्यालय होतं. अर्जाची मुदत पाचपर्यंत. चंपाने पर्समध्ये घडी घातलेला कागद नेला होता. महापौर झाल्यावर काय करायचं ते तिने रात्रंदिवस विचार करून त्यावर लिहिलं होतं.

‘‘या ताई. महापौर होणार आपण, अन् खुर्चीच्या टोकावर कशाला बसताय?’’ आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी कागद उघडला. पहिल्याच मुख्य सभेत ओढ्याच्या भिंतीचा विषय घ्यायचा. कार्यपत्रिकेवरचे विषय संपल्याशिवाय सभा तहकूब करायची नाही. महिन्याला दोन वस्त्यांत अधिकाऱ्यांना घेऊन पायी फिरायचं. आप्पासाहेबांनी सावकाश सगळं वाचलं.

‘‘हस्ताक्षर सुंदर आहे,’’ ते म्हणाले आणि त्यांनी कागद परत केला. ‘‘ओढ्याच्या काठाला आमच्या मेहुण्यांची जागा आहे, तेवढं ध्यानात असू द्या. विक्रम, ते दुसरं आण.’’

त्यांच्या मदतनिसाने, विक्रमने, एक टाइप केलेला कागद तिच्यापुढे ठेवला. महापौरपदाचा राजीनामा! नाव तिचं, कारण ‘वैयक्तिक’, तारखेची जागा कोरी.

‘‘पण मला पद अजून मिळालंच नाही,’’ चंपाच्या तोंडून कसंबसं निघालं.

‘‘रीत आहे आमच्याकडे. सगळेच देतात. सही करा, तारीख मोकळी सोडा. ती आम्ही घालू, वेळ आली की.’’

वेळ कधी येणार ते चंपाला स्पष्ट दिसत होतं. सकाळी ती ओढ्याचा विषय पुकारणार आणि संध्याकाळी ती कोरी जागा भरली जाणार. पण नाही म्हणायचा धीर होईना. तिने पेन घेतलं, सही केली आणि पेन आपोआप खाली सरकलं.

‘‘अहो ताई, डेट टाकली तुम्ही!’’ विक्रम ओरडला.

चंपाने दचकून पेन खाली ठेवलं. ‘‘चुकलं माझं... सवयीनं झालं हो.’’ तिला खरंच रडू येत होतं.

‘‘आजच्या तारखेचा राजीनामा घेऊन मी काय करू? आज आपण महापौर आहात कुठे?’’ आप्पासाहेब म्हणाले. ‘‘विक्रम, दुसरी प्रत काढ.’’

प्रिंटर कुरकुरत होता, तेवढ्यात मित्रपक्षाचा फोन आला. ‘‘हो, आणतो त्यांना,’’ आप्पासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. ‘‘नाही हो, दुसरी कुणी नाही आमच्याकडे. पाचच्या आत पोचतो म्हणालो ना!’’ फोन ठेवून त्यांनी घड्याळ बघितलं आणि रुमालाने मान पुसली. मग पुन्हा घड्याळ बघितलं.

चंपा त्यांच्याकडे बघत राहिली. भीती ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हा माणूस घाबरला होता.

दुसरी प्रत पुढे आली. तिची भीती काही गेली नव्हती. गुडघे टेबलाखाली लटपटत होते. पण त्या दिवशी पाण्यातही ते असेच लटपटले होते, आणि टेबल तिने सोडलं नव्हतं. तिने सही केली. मग अगदी सावकाश, अंगणवाडीच्या वहीत घालायची तशी, खाली आजची तारीख घातली.

‘‘ताई!’’

‘‘तारखेशिवाय सही मी करत नाही, आप्पासाहेब,’’ ती म्हणाली. आवाज फाटला, पण शब्द बाहेर पडले. ‘‘अठरा वर्षांत केली नाही.’’

‘‘तिसरी काढू का, साहेब?’’ विक्रमने विचारलं. सव्वाचार झाले होते आणि बाहेर यार्डात ट्रकांची गर्दी सुरू झाली होती. आप्पासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

‘‘गाडी काढ,’’ ते म्हणाले.

गाडीत ते फक्त एक वाक्य बोलले. ‘‘हे मी लक्षात ठेवीन.’’ ते ठेवणार यात चंपाला शंका नव्हती. महापालिका येईपर्यंत तिने पर्सचा बंद सोडला नाही.

नगरसचिवांच्या कार्यालयातल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. पाचाला दहा मिनिटं कमी होती. चंपाची सही वेडीवाकडी आली.

‘‘घाबरू नका ताई, सावकाश करा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मी घाबरलेलीच असते हो,’’ चंपा तारीख घालता घालता म्हणाली. आप्पासाहेब पाठीमागेच उभे होते, हे तिला माहीत होतं. ‘‘तुम्ही मला एवढंच सांगून ठेवा, पहिल्या सभेच्या कार्यपत्रिकेवर ओढ्याचा विषय घालायला अर्ज कुणाकडे द्यायचा?’’