पाचवा ब्रश

आमच्या ऑफिसात तिला सगळे ब्रशबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. सवलतीच्या घरांसाठी लोक अर्ज करायचे, आणि अर्जात लिहिलेली माणसं खरोखर त्या घरात राहतात का, हे जाऊन पाहायचं तिचं काम. तेरा वर्षं तिने ते इमानाने केलं. नियमाने तपासणीला दोघं लागतात, म्हणून रजिस्टर घेऊन मी सोबत असायचो.

घरात म्हातारं माणूस असलं की अर्जाला दहा गुण जास्त. झालं! लोक आज्या उसन्या आणायला लागले. आणि त्या मिळायच्याही सहज. हातात चार पैसे खुळखुळले की जो तो शहराबाहेरच्या गेटवाल्या कॉलन्यांत पळत होता, आणि आईबाप जुन्या गल्ल्यांत मागे राहत होते. मला या पळणाऱ्यांचा राग येतो, लपवून काय करू? एक आजी तर आम्हाला एकाच आठवड्यात तीन घरांत भेटली. तिसऱ्या घरी तिनेच विचारलं, "दमलात का रे बाबांनो?"

ब्रशबाई अशा वेळी हुज्जत घालत नसे. सकाळी सकाळीच जायची, सरळ मोरीत शिरायची, दात घासायचे ब्रश मोजायची आणि प्रत्येकावरून अंगठा फिरवायची. कोरडा ब्रश निघाला की ते माणूस नुसतं दाखवायला ठेवलेलं. तिचा अंगठा कधी चुकला नाही.

दीड वर्षापूर्वी तीही बाहेर राहायला गेली, मुलीच्या शाळेसाठी. आई काही केल्या सोबत यायला तयार होईना. जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटीच राहिली. ब्रशबाई दर रविवारी न चुकता तिला भेटायची. "आई ठणठणीत आहे हो," असं सोमवारी मला सांगायची. मी नुसतं हं म्हणायचो.

त्या मंगळवारी बाजारामागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची पाळी होती. वशिला लागू नये म्हणून आमच्या कागदावर नावं नसतात, नुसते आकडे: मोठी दोन, मुलं दोन, वृद्ध एक. त्याचा अर्ज अगदी काठावर होता. ते दहा गुण मिळाले तर घर, नाहीतर पुढची पाच वर्षं याच एका खोलीत.

दार त्याच्या बायकोने उघडलं. आत इस्त्री तापलेली, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या मधे एक म्हातारी शर्टाला बटण लावत बसलेली. तिने मान वर केली आणि ब्रशबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई? तू इथे काय करतेयस?"

"राहते."

"या लोकांनी गुणांसाठी आणून बसवलंय तुला?"

"तोंड सांभाळ," म्हातारी कडाडली. "लिफ्ट बंद पडली, पाणी वर चढेना. जिन्यात पडले मी. कपडे द्यायला आलेल्या यानेच उचलून इथे आणलं. चौदा महिने झाले त्याला."

"मग रविवारी?"

"याच्या खांद्यावर हात टाकून वर चढते. तू यायच्या आत खोली झाडते, खिडक्या उघडते. तुला उगाच घोर नको म्हणून."

"मॅडम, शप्पथ, आजींची मुलगी म्हणजे तुम्ही, हे आम्हाला माहीत नव्हतं," इस्त्रीवाल्याची बायको रडकुंडीला आली. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली.

"खोटं आहे सगळं," ब्रशबाई मला म्हणाली. "रजिस्टर बंद करा."

माझं डोकंच फिरलं. स्वतःची लाज झाकायला ही बाई दुसऱ्याचं घर घालवणार? तेरा वर्षांत मी तिला उलट बोललो नव्हतो.

"बाई," मी म्हणालो, "ब्रश बघायचे राहिलेत."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मग मोरीत गेली. पेल्यात पाच ब्रश होते, एकाचे केस पार झिजून वाकडे झालेले. आमच्याकडे पाठ करून तिने एकेका ब्रशवरून अंगठा फिरवला. बाहेर आली तेव्हा तिचा अंगठा ओला होता.

"पाचही ओले आहेत," ती म्हणाली. "लिहा, वृद्ध एक, इथेच राहते. सही तुम्ही करा. नात्यातल्या माणसाची तपासणी मला नियमाने करता येत नाही. दुसरी सही उद्या दुसऱ्या कुणाची घ्या."

मी सही केली. म्हातारीने पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. मग ती म्हणाली, "तिकडे आईच्या चौथ्या मजल्यावरच्या मोरीतही तिचा एक ब्रश असतो. दर रविवारी त्याच्यासमोरच हात धुते मी. एकदाही अंगठा फिरवून बघितला नाही हो."