इंथोनच्या पुण्याच्या गोळ्या

नान नदीकाठच्या आमच्या बाजारात सोमनुक मावशीच्या रागाइतकी वेळेवर येणारी दुसरी गोष्ट नाही. ती सकाळी तांदळाच्या शेवया आणि डुकराच्या मांसाचा टोमॅटो घातलेला रस्सा विकते. गिऱ्हाइकाने रस्सा जास्त मागितला तर वाढते, पण वाढताना घरी बायको जेवायला घालते की नाही, हेही विचारते. माझं मोबाइल दुरुस्तीचं टेबल तिच्या शेजारीच, त्यामुळे माझे कान पक्के झालेत. पण त्या पावसाळ्यातला तिचा राग वेगळा होता. तो मला तेव्हा बरोबर वाटला, आणि अजूनही वाटतो.

तिचा नवरा खाम्पान काका विहाराच्या पथकात ढोल वाजवायचा. हृदयाच्या दुखण्याने शहरातल्या मोठ्या इस्पितळात राहून आला. निघताना औषधाच्या खिडकीतल्या मुलीने गोळ्यांची पिशवी पुढे सरकवली, कागदावरचं भराभरा वाचलं, समजलं का म्हणून विचारलं. काकाने मान हलवली. तो सगळ्यालाच मान हलवतो. मुलीने पुढच्याला हाक मारली. झालं, म्हातारा घरी सोडला.

घरी येऊन चार दिवस होतात न होतात तोच विहारातून एक पुडी आली. काकाच्या जोडीला जन्मभर झांज वाजवणारा इंथोन त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वारला होता. त्याच्या बायकोने त्याच्या उरलेल्या गोळ्या त्याच्या नावाने, पुण्य त्याला पोचावं म्हणून, विहाराला दान केल्या होत्या. आमच्याकडे तेव्हा करायचेच तसं. मेलेल्या माणसाचं महागडं औषध उकिरड्यावर कोण टाकणार? विहारात त्याचं एक कपाटच होतं. ज्याला तोच आजार, त्याला ते औषध जायचं. थोरल्या भन्तेंनी मंत्र म्हणून, वर पांढरा दोरा गुंडाळून ती पुडी काकाला पाठवली. आत रक्त पातळ करायच्या गोळ्या. इस्पितळाच्या पिशवीतही त्याच होत्या, फक्त कमी जोराच्या.

काका दोन्ही घ्यायला लागला. सकाळची स्वतःसाठी, संध्याकाळची हात जोडून इंथोनसाठी.

आधी हातावर जांभळे डाग आले. मावशी म्हणाली, कुठेतरी धडपडला असशील. मग एका सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. मावशी रस्सा चुलीवर तसाच टाकून, मिळेल त्या गाडीत त्याला घालून इस्पितळात गेली.

रक्त थांबलं. तरुण डॉक्टरने आणखी काही औषध घेता का विचारलं, काका ठामपणे नाही म्हणाला. डॉक्टरला पटलं नाही. घरातलं असेल नसेल ते घेऊन या, म्हणाला. मावशीने भाजीची टोपलीच भरून आणली: मलम, मुळ्या बुडवलेली दारू, किराणा दुकानातली सांधेदुखीची पुडकी, आणि तळाशी ती दोरा गुंडाळलेली पुडी. डॉक्टरने दोरा सोडला आणि हे का नाही सांगितलं म्हणून काकाला विचारलं.

"तुम्ही औषधाचं विचारलंत," काका म्हणाला. "हे पुण्य आहे. मी घेतलं नाही तर इंथोनला पोचणार कसं?"

"तुलाच त्याच्याकडे पोचायची घाई असेल तर तसं सांग," मावशी म्हणाली. "मी रस्स्यात घालते काहीतरी."

मग ती डॉक्टरकडे वळली. जन्मभर ढोल बडवून कान गेलेल्या माणसाला तुमची पोरगी काचेआडून वाचून दाखवते? घरी बायको आहे का, एवढं तरी विचारायचं. मी काय विहिरीत पडले होते?

राहिले थोरले भन्ते. त्यांना बोलणार कोण? काकाने खाटेवरून हात जोडले, भन्तेंना एक शब्द बोलू नकोस. मावशीने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी भन्ते भिक्षेला बाजारात आले. मावशी चपला काढून गुडघ्यांवर बसली. भिक्षापात्रात भात घातला, केळीच्या पानात बांधलेली भाजी घातली, आणि वर ती पुडी ठेवली. दोरा पुन्हा नीट गुंडाळलेला. पात्रात पडेल ते भिक्खूने नाकारायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून भन्तेंनीच शिकवलेलं.

"उपासिके, हे काय?"

"इंथोनचं पुण्य, भन्ते. आमच्या घरात मावत नाही. आता आपण घ्या, रोज एक. नाकातून रक्त आलं तर घाबरू नका, पुण्यच वाहतंय समजा."

बोलणार नाही म्हणून कबूल केलेली बाई ही. मागचे भिक्खू आपापल्या पायांची बोटं बघायला लागले. भन्तेंनी एवढंच विचारलं,

"खाम्पान वाचला ना?"

"वाचलाय," मावशी म्हणाली, आणि पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे पुसले.

त्याच दुपारी विहाराचं कपाट रिकामं झालं. सगळ्या गोळ्या पोत्यांत भरून इस्पितळात गेल्या. संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं, दानात तांदूळ द्या, छत्र्या द्या, औषध देऊ नका. कोणामुळे, ते काही सांगितलं नाही. मावशी त्यावरूनही चिडली.

काका घरी आला. आता गोळी मावशीच हातावर ठेवते आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावते. पण इंथोनचं काय, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणून दर उपोसथाला, विहारातल्या उपासाच्या दिवशी, मावशी रस्सा-शेवयांचा एक वाडगा इंथोनच्या नावाने विहारात नेऊन ठेवते. ठेवताना पुटपुटते, ते मी जवळून ऐकलंय:

"खा मेल्या पोटभर. आणि माझ्या नवऱ्याला हाका मारू नकोस."