वहिनींचं कुंकू आणि माझी बिजागरी

खेळण्यातल्या विमानाची बिजागरी, त्यात एवढं काय निवडायचं, असं मला वाटायचं. रेल्वेच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस मी, मला कोण शिकवणार!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, निवृत्त संस्कृत शिक्षक. नदीकाठी, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरात त्याने पेट्रोलच्या इंजिनाचं मॉडेल विमान बांधायला घेतलं. शेपटीची हलती फळी कशाने जोडायची यावरून आमचं वाजलं. त्याला पिन असलेल्या दणकट बिजागऱ्या हव्या होत्या. मी म्हटलं, "छे! पातळ पट्टी चिरेत सरकव, गोंद सोड, बस, हो गया." तो पुटपुटला, "पेट्रोलचं इंजिन फार थरथरतं रे." मी ऐकतोय थोडाच! यंत्राच्या बाबतीत दादा माझा शब्द मोडत नसे. पट्ट्याच आल्या.

त्या बसवायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. वहिनींनी करवत, पाने, इंजिन, सगळ्यांची पूजा केली. लाकडावर कुंकू टिकावं म्हणून बोट तेलात बुडवून विमानाच्या शेपटीलाही लावलं.

कार्तिकात आम्ही दोघं नावेने नदीपलीकडच्या रेतीवर विमान उडवायला गेलो. विमानाने दोन चकरा झकास मारल्या. तिसरीत शेपटी फडफडली आणि ते नाकावर रेतीत घुसलं. आधी मीच पोचलो. पट्ट्या मधोमध फाटल्या होत्या, पण त्यांची टोकं लाकडात अशी घट्ट बसलेली की नखाने निघेनात. म्हणजे गोंद पक्का होता, चुकलो होतो मी. दादा धापा टाकत येईपर्यंत मी शेपटी पिशवीत कोंबली आणि म्हणालो, "वहिनींच्या तेलाने गोंद धरला नाही."

घरी आल्यावर तेच वहिनींना तोंडावर ऐकवलं. "अगं बाई, माझ्या हातून हे काय झालं!" म्हणून त्या रडल्या. मी चहा मागितला.

पुढच्या खंडेनवमीला दादाचं दुसरं विमान तयार होत होतं. पिनवाल्या बिजागऱ्या या वेळी मीच मुकाट्याने आणल्या होत्या. वहिनी तबक घेऊन आल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या. "लांबूनच ओवाळते हो भाऊजी. माझा हात नको लागायला." मी खाली मान घालून पिन पुसत बसलो. "अहो वहिनी, आत या" एवढंही म्हणालो नाही. जीभ झडली होती माझी!

माघात वहिनी गेल्या, चार दिवसांच्या तापाने.

यंदा खंडेनवमीला हत्यारं कोरीच राहिली. मला राहवेना. पिशवीतली ती जुनी शेपटी दादापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्याने फाटक्या पट्टीवरून बोट फिरवलं, मग लाकडावरच्या कुंकवाच्या डागावरून.

"मला काय सांगतोस?" तो म्हणाला. "तिला सांगायचं होतंस."