धायरीच्या गाळ्यातला दुसरा अ‍ॅम्प

धायरीत, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर, एका नव्या इमारतीच्या तळमजल्याला भाडेकरू न मिळालेला दुकानाचा गाळा होता. इमारत आमच्या ड्रमरच्या काकांची. गाळ्याला खिडकी नव्हती, पुढे लोखंडी शटर होतं, भिंतींना आम्ही जुन्या गाद्या टेकवून ठेवल्या होत्या. तिथे आम्ही पाच जण वाजवायचो : ड्रमर, बास गिटारवाला, गाणारी, आणि दोन गिटार. पहिली गिटार माझी. दुसरी येऊन चार महिने झाले होते.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसरी गिटार वाजवणारा हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. मूळचा अमरावतीचा, शिकायला पुण्यात आला आणि नोकरी लागल्यावर राहिला. पुण्यात त्या काळी दर महिन्याला असे शेकडो जण येत होते आणि आमच्या वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी कौतुकाच्या पुरवण्या निघत होत्या. त्यातल्या काहींचे मथळे मीच दिले होते.

त्याच्याविषयी मी कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. तो वेळेवर यायचा. तारा गंजायच्या आत बदलायचा. मी तार तुटेपर्यंत बदलत नसे. मी प्रत्येक गाणं कॅसेट मागे-पुढे करून, एकेक ओळ चाळीसदा ऐकून बसवलं होतं. तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून उतरवलेले सुरांचे कागद घेऊन यायचा आणि तीनदा बघून कागद घडी करून खिशात ठेवायचा. वाजवताना डाव्या हाताकडे बघत नसे. गाणारी पूर्वी गाणं सुरू करताना माझ्याकडे बघून मान हलवायची. आता त्याच्याकडे बघून हलवू लागली होती. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असायची आणि तीन वर्षं सराव मंगळवारीच होता. तो आल्यावर सराव शनिवारी संध्याकाळी गेला, कारण बाकी सगळ्यांनाही शनिवारच सोयीचा निघाला. तीन वर्षं तो सोयीचा आहे हे कुणी मला सांगितलं नव्हतं. ड्युटी बदलून घेण्यासाठी मी दर आठवड्याला एका सहकाऱ्याची मनधरणी करत होतो.

अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, आमच्याकडे बासचा सोडला तर एकच होता. तोही माझा. एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेला, काळ्या रेक्झिनचा, गुडघ्याच्या वर येणारा. त्याला दोन गिटार जोडायची सोय होती, म्हणून दोघंही त्यातूनच वाजवायचो. आवाज भरदार होता. खालची पट्टी, म्हणजे जाड सुरांचं बटण, मी कायम पूर्ण उघडी ठेवायचो. माझी एक सुरावट होती, तिच्यावर गाणारीनं शब्द लिहिले होते, आणि त्या गाण्याच्या मधोमध सोळा मात्रांच्या चार आवर्तनांचा गिटारचा एकट्याचा तुकडा होता. सोलो. तो मी बांधला होता आणि मी वाजवत होतो.

ऐन पावसाळ्यात एका कॉलेजच्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरला. त्यानंतरच्या पहिल्या सरावात गाणारी म्हणाली, "दोन्ही गिटार एकाच डब्यातून येतात. कोण काय वाजवतंय ते मला कळत नाही. दुसरा अ‍ॅम्प आणा, मग सोलो कुणी वाजवायचा ते बघू."

"बघू म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे ऐकू. दोघांचाही."

तो तार लावत बसला होता. वर न बघता म्हणाला, "सोलो याचाच आहे ना. यानंच बनवला."

"बनवणारा तोच आहे," ती म्हणाली. "मी वाजवण्याबद्दल बोलतेय."

अ‍ॅम्प निवडायला कोण जाणार, हा प्रश्न आला. दुकानं बुधवार पेठेत, मी शनिवार पेठेत राहणारा आणि माझी ड्युटी दुपारी सुरू होणारी. मंगळवार ठरला, पण त्या सकाळी त्याला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांबरोबर फोनवर बसायचं होतं. "तू जे आणशील ते मला चालते," तो म्हणाला. "तुझा कान चांगला आहे भाऊ. मला दुकानात गोंधळून जायला होते." ड्रमर सोबत येणार होता, कारण डबा आणायला स्कूटर त्याची.

दुकान इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, जिना चढून पहिल्या मजल्यावर होतं. मालक साठीचे, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, समोर सोल्डरिंगचं काम. वर बघितलं नाही.

"गिटारचा अ‍ॅम्प बघायचाय," मी म्हणालो.

"बघायचाय की घ्यायचाय?"

"घ्यायचाय."

"मग बसा. एक वाजता बंद होतं."

त्यांच्याकडे दोनच होते. एक बाहेरून आलेला, चकचकीत, सहा बटणांचा. दुसरा त्यांनी स्वतः बनवलेला, साध्या लाकडी पेटीतला, आकारानं शिलाई मशीनच्या झाकणाएवढा. त्याला दोन बटणं. मी माझी गिटार आधी पहिल्याला जोडली. आवाज गोल, खोल, मऊ. एका सुरानं ती खोली भरली. ड्रमर म्हणाला, "हाच. विषय संपला." मग दुसऱ्याला जोडली. आवाज बारीक, नाकातला, ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकाव्यात तसा. खाली काही नाहीच. ड्रमरनं तोंड वाकडं केलं.

तिथे काय झालं ते मी नीट सांगतो. पहिला अ‍ॅम्प माझ्या अ‍ॅम्पपेक्षा चांगला होता. तो धायरीला गेला आणि त्याला जोडून दुसऱ्या गिटारवाल्यानं माझा सोलो वाजवला, तर ऐकायला एक आवर्तनही पुरेल, हे मला दिसत होतं. दुसऱ्या अ‍ॅम्पमधून कुणीही वाजवलं तरी ते केविलवाणं वाटेल, हेही दिसत होतं. निर्णयाला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मालकांनी एक सांधा पूर्ण केला.

मी ड्रमरला म्हणालो की धायरीला व्होल्टेज वर-खाली होतं, परदेशी डबा जळला तर सुटे भाग मिळणार नाहीत. हा बिघडला तर इथे आणता येईल. स्कूटरवर मावतो. जास्त बटणं म्हणजे सरावात जास्त वेळ बटणांत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एखादी बातमी आतल्या पानात न्यायची असेल तर ती खोटी ठरवावी लागत नाही, जागा नाही एवढं म्हटलं तरी पुरतं. ते काम मी रोज करत होतो.

"पण आवाज?" ड्रमर म्हणाला. "आवाज तर पार भिकार हाय."

मालकांनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. "किती जण वाजवता?"

"पाच."

"मग इथे एकट्यानं ऐकून काय कळणार तुम्हाला?" ते म्हणाले आणि पुन्हा खाली बघू लागले. मी ते विक्रेत्याचं बोलणं समजलो. ड्रमरला मात्र ते पटलं की काय, त्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली. लाकडी डबा मांडीवर घेऊन मी सिंहगड रस्त्यानं धायरीपर्यंत त्याच्या मागे बसून गेलो. वाटेत मी खूश होतो.

शनिवारी दुसरा गिटारवाला आला, हेल्मेट काढून डब्याभोवती एक फेरी मारली. "लहानसाच आहे न हा," तो म्हणाला. जोडून एक सूर वाजवला. तोच नाकातला आवाज. गाणारीनं भुवया उचलल्या. मी माझ्या तारा लावत होतो, दोनदा लावल्या.

"ऐकून घेतलाय ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग झालं. चालते."

आम्ही माझं गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्यात ड्रम आणि बास आत आले आणि माझी गिटार गेली. मला आधी वाटलं वायर सुटली. सुटली नव्हती. माझ्या अ‍ॅम्पचा तो भरदार, खालचा आवाज बासच्या आवाजात मिसळून गेला होता. दोन्ही एकाच जागेसाठी भांडत होते आणि बास जिंकत होता. त्याची गिटार मात्र त्या सगळ्याच्या वर, एकेक सूर सुटा, गाणारीच्या आवाजाला धक्का न लावता, स्वच्छ ऐकू येत होती. तीन वर्षं त्या गाळ्यात आम्ही काय वाजवत होतो ते मला पहिल्यांदा कळत होतं. मी आवाज वाढवला. शटर थरथरू लागलं. गाणारीनं हात वर केला.

"तुझं नुसतं घुमतंय," ती मला म्हणाली. "त्याचं बोट न बोट ऐकू येतंय."

"आयला," ड्रमर म्हणाला, "आणि दुकानात मी म्हणत होतो तो चकचकीत घे! यानं वीस मिनिटं डोकं खाल्लं माझं, हाच घे, हाच घे. मानलं राव."

"सांगितलं नव्हतं मी?" दुसरा गिटारवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "याचा कान." आणि तो मनापासून हसला. मला त्याचा सर्वांत जास्त राग आला तो त्या क्षणी.

सोलो आधी त्यानं वाजवला. मी बांधलेला, माझ्याच जागा, पण मी जिथे घाई करतो तिथे तो थांबला आणि मी थांबतो तिथे नाही. शेवटचा सूर त्यानं ओढून पूर्ण वरपर्यंत नेला. चौघांनाही कळलं. मग त्यानं आपली वायर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आता तू यातूनच वाजव. तुझ्या डब्यात ऐकूच येत नाही, ते बरोबर नाही."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी वाजवला. माझा अ‍ॅम्प माझ्यासाठी काय करत होता ते पहिल्या आवर्तनातच समजलं. तिसऱ्या आवर्तनाच्या सुरुवातीला मी दरवेळी थोडा उशिरा पोचत होतो. शेवटचा सूर मी कधीच पूर्ण वर नेला नव्हता. तो तिथवर गेल्याचा भास त्या घुमण्यातून होत होता. आता तो मध्येच थांबलेला स्पष्ट ऐकू आला. गाणारीनं वही उघडली आणि शब्द बघू लागली, जे तिनेच लिहिले होते आणि तिला पाठ होते.

"दुसऱ्यांदा घ्यायचा?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "त्यालाच दे."

पुढच्या मंगळवारी मी गिटार घेऊन एकटाच बुधवार पेठेत गेलो. मालक त्याच जागी होते.

"तसाच अजून एक हवाय," मी म्हणालो. "माझ्यासाठी."

"मागचा कुणासाठी होता?"

"मित्रासाठी."

"मित्रासाठी आधी, स्वतःसाठी नंतर," ते म्हणाले. "असं गिऱ्हाईक आता राहिलं नाही." त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरंच म्हणताहेत की नाही हे सांगता येत नव्हतं. टेबलावर एक उघडा, पेटी नसलेला अ‍ॅम्प होता. त्याच्या तारा दोन ठिकाणी चिकटवून त्यांनी वायर माझ्याकडे दिली. "वाजवा."

मी सोलो वाजवला. ते मान खाली घालून ऐकत होते. तिसऱ्या आवर्तनावर त्यांनी बोट उचललं आणि मी थांबलो.

"इथे तुम्हाला उशीर होतोय."

"हो."

"तो दोष अ‍ॅम्पचा नाही. इथे दुरुस्त होणार नाही." त्यांनी वायर परत घेतली आणि घड्याळाकडे बघितलं. "तरी हवाय का?"

"हवाय."

"मग गणपतीनंतर या."

कार्यक्रम गणपतीच्या आधी होता. सभागृहात माझा जुना अ‍ॅम्प मी ड्रमच्या मागे ठेवला, खालची पट्टी पूर्ण बंद करून, आणि सोलोच्या वेळी दुसऱ्या गिटारला साथ म्हणून दोनच स्वरसंगती वाजवत राहिलो. शेवटचा सूर तो वर नेताना मी त्याच्या हाताकडे बघत होतो. कुठलं बोट कधी उचलतो ते मला शिकून घ्यायचं होतं.