पहिले मानूसनं इचार

भडगावचा एक सुतार शंकरपटात पळणाऱ्या बैलगाड्या बनवतो. तापट इतका, की रंधा मारतानाही कुणाला तरी शिव्या चालूच असतात.

परवा पटात गाडी उलटली, हाकणाऱ्याची मांडी मोडली. तासाभरात झाडून सगळे पटवाले रक्त द्यायला दवाखान्यात हजर; मीही त्यांच्यात. सुतार दारातच उभा होता. गाडीमालकाने आल्या आल्या विचारलं, "बैलस्ले लागनं का?" आधी बैलांची चौकशी, ही पटवाल्यांची जुनीच रीत.

सुतार खवळला. "बैल मजामा चारा खाई राहिनात! पहिले मानूसनं इचार!" कॉलर धरून त्याने मालकाला बाहेर काढलं.

मग माझ्याकडे वळला. "भाऊ, तुले काय इचारनं शे?"

"पाय कसा आहे?" मी घाईने म्हणालो.

खरं सांगतो, माझ्याही तोंडात बैलच आले होते.